बदकांची बंदूक

परवान्याच्या अर्जात दोन रकाने आहेत. शस्त्र कोणतं हवं, आणि कशासाठी हवं. दुसरा मी एका शब्दात भरला, 'शेतसंरक्षण'. पहिल्यात काय लिहायचं हे कळायला मला जवळजवळ दीड वर्ष लागलं.

आमचं शिवार सोलापूर-बार्शी रस्ता सोडून आत, नान्नजच्या बाजूला. नान्नज म्हटलं की द्राक्षवाल्याला सोनाका आठवते आणि पक्षी बघणाऱ्याला माळढोक. आम्हाला दोन्ही शेजारीच. दोन एकर बाग, बाकी खरिपाला मका-उडीद आणि रब्बीला ज्वारी. माळावर काळविटांचे कळप, त्यांच्यामागे लांडगे, आणि ओढ्याच्या काठच्या वेड्या बाभळीत रानडुकरं. काळवीट ज्वारीचे कोंब खातं, पण ते खातं आणि जातं. डुक्कर तसं नाही. 2022 च्या सप्टेंबरात कणसं दुधात आली होती, आणि एका रात्रीत पाऊण एकर मका आडवा झाला. खाल्लेला थोडा, तुडवलेलाच जास्त.

त्याआधी सगळं करून झालं होतं. आईच्या जुन्या साड्या बांधावर लावल्या, फटाके वाजवले, प्लास्टिकच्या पाइपची कार्बाइडवाली तोफ केली. ती तोफ पहिले चार दिवस चालते, पाचव्या दिवशी डुकरं आवाज झाल्यावर कणीससुद्धा सोडत नाहीत. झटका मशीनचा मात्र उपयोग झाला, आजही होतो. पण पावसात तारेखाली गवत वाढलं की करंट जमिनीत जातो, आणि नेमका तेव्हाच मका दुधात असतो.

घरात बंदूक माझ्या जन्माआधीपासून होती. आजोबांनी साठच्या दशकात घेतलेली विलायती दुनळी, बाराबोर. नंतर ती आण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, नावावर आली. दसऱ्याला तिला झेंडू वाहायचे, वर्षातून दोनदा तेलाचं फडकं फिरवायचं, एवढंच तिचं काम. 1979 साली माळढोक अभयारण्य जाहीर झालं, तेव्हापासून तिची नोंद वनखात्याकडेही आहे. अभयारण्याच्या दहा किलोमीटरच्या आत ज्याच्याकडे शस्त्र आहे त्याला ती करावीच लागते.

माझा बेत सोपा होता. आण्णा 74 वर्षांचे, एका डोळ्यात मोतीबिंदू. 2016 च्या शस्त्र नियमांत तरतूद आहे की परवानाधारक सत्तरीचा झाला, किंवा शस्त्र त्याच्याकडे पंचवीस वर्षं असलं, तर ते वारसाच्या नावावर करण्यासाठी अर्ज देता येतो. म्हणजे घरचीच बंदूक माझ्या नावावर करायची आणि मक्यात माळा बांधून बसायचं.

अर्ज करण्याआधी आण्णा म्हणाले, "ल्येका, एकदा तिला चालवून तर बघू. वीस वर्सं झाली." विहिरीच्या मातीचा मोठा ढीग शेतातच आहे, दोन पुरुष उंच. त्याला खोक्याचे पुठ्ठे टेकवले. परवाना त्यांचा, म्हणून बार त्यांनीच काढायचे. पहिला पंधरा पावलांवरून. पुठ्ठ्याला ताटलीएवढं एकच भोक पडलं, कडेला चार-दोन छर्रे. दुसरा चाळीस पावलांवरून, आणि तिथे छर्रे दोन हातांच्या कवेत सगळीकडे सारखे पसरलेले. आण्णा खूश झाले. "बघ, अजून कशी मारती!"

मला मात्र ती ताटली खटकली. रात्री, मक्यात, डुक्कर दिसलंच तर दहा-पंधरा पावलांवर दिसणार. हलत्या जनावरावर ताटलीएवढा मार म्हणजे लागला तर लागला, नाहीतर गेला. आणि अर्धवट लागला तर जखमी डुक्कर अंधारात आपल्याच अंगावर.

ही बंदूक अशी का मारते हे मला सोलापुरातल्या परवानाधारक दुकानदारानं सांगितलं. आण्णांबरोबर ती दाखवायला नेली होती. म्हाताऱ्या गृहस्थांनी ती मोडली, म्हणजे बिजागरीवर वाकवून उघडली, नळ्यांतून उजेडाकडे पाहिलं, खालच्या बाजूचे बारीक शिक्के भिंगातून वाचले आणि म्हणाले, "मालक, ही बदकांची बंदूक आहे."

शिक्के बर्मिंगहॅमच्या तपासणीचे होते आणि त्यात 'चोक' असा शब्द होता. चोक म्हणजे नळीचं तोंड शेवटच्या काही इंचांत थोडं आवळलेलं. पूर्ण चोकमध्ये हे आवळणं जेमतेम एक मिलिमीटर असतं, पण त्यानं छर्ऱ्यांचा पुंजका लांबपर्यंत एकत्र राहतो. मोजायची पद्धत अशी: चाळीस यार्डांवर तीस इंची वर्तुळ काढायचं आणि किती छर्रे आत पडले ते मोजायचे. पूर्ण चोक असला तर शंभरातले सत्तर आत, अर्धा चोक असला तर साठ, आणि नळी सरळ असली तर चाळीस. आमच्या दोन्ही नळ्या पूर्ण चोकच्या, आणि बत्तीस इंच लांब.

मग आजोबा डोळ्यासमोर आले. हिप्परग्याचा तलाव, कागदोपत्री एकरूख, 1871 साली पुरा झालेला. थंडीत तिथे बदकं उतरत. 1972 चा वन्यजीव कायदा यायच्या आधी परवान्यावर त्यांची शिकार करता यायची, आणि आजोबा करत. उडतं बदक, उघडं पाणी, चाळीस यार्डांचं अंतर. त्या कामाला त्यांनी अगदी नेमकी बंदूक निवडली होती. ते कामच आता कायद्यानं आणि माझ्या मतानं संपलेलं आहे.

दुकानदारानं आणखी एक गोष्ट सांगितली, ती ऐकून आण्णांचा चेहरा उतरला. शिक्क्यांत घराची लांबी अडीच इंच दिली होती. घर म्हणजे नळीत काडतूस बसतं तो भाग. आण्णांनी आणलेल्या डब्यातली काडतुसं 70 मिलिमीटरची, म्हणजे पावणेतीन इंची. न उडवलेलं काडतूस मिटलेल्या तोंडाचं, म्हणून आखूड. ते अडीच इंची घरात आरामात बसतं आणि तिथेच माणूस फसतो. बार होताना त्याचं तोंड उलगडतं, पुढे जागा नसते, आणि नळीतला दाब वाढतो. आदल्या रविवारी आम्ही विहिरीच्या ढिगाऱ्यावर असे दोन बार काढले होते. साठ वर्षांपूर्वीच्या नळ्यांतून.

"तुमच्या वडिलांचं पुण्य," एवढंच ते म्हणाले.

परतताना मी मनात ठरवलं, वारसाहक्क नको. स्वतंत्र अर्ज करायचा, आणि घ्यायची तर रायफल. आता कबूल करायला हरकत नाही, त्यात डुकरांचा संबंध कमीच होता. इशापूरच्या कारखान्याची .315 रायफल मी एका नातेवाइकाकडे पाहिली होती. बोल्ट ओढतानाचा तो आवाज! पाच गोळ्या, लांबवर अचूक. डोक्यात एक चित्र तयार झालं होतं, आणि त्या चित्रात मी मक्यात नव्हतो, कुठल्यातरी टेकडीवर उभा होतो.

आमच्याकडे टेकडी नाही. रायफल नको म्हणायचं ते पहिलं कारण. माळ सपाट, आणि दर दोन-तीनशे मीटरवर कुणाची तरी वस्ती. रायफलची गोळी चुकली तर दोन-तीन किलोमीटर जाऊ शकते. माळ्यावरून खाली नेम धरला तर गोळी मातीत जाईल हे खरं, पण दगडावर आपटून उसळली तर तिला कुणाचं घर कुठे ते माहीत नसतं. छर्ऱ्यांचा एक जुना ठोकताळा आहे: छर्ऱ्याचा व्यास इंचात घ्या, त्याला 2200 नं गुणा, की तो जास्तीत जास्त किती यार्ड जाईल ते येतं. सहा नंबरचा बारीक छर्रा दोनशे मीटरच्या आसपास थांबतो. बी.बी. हा त्याहून मोठा छर्रा, तो सव्वातीनशेच्या आसपास. एल.जी., म्हणजे नऊ मिलिमीटरचा टपोरा गोळा, सातशेच्या पुढे जातो. मी वहीत शेताचा नकाशा काढला, माळा जिथे बांधणार तिथे टोक ठेवून वर्तुळं मारली. रायफलचं वर्तुळ पानावर मावेना. एल.जी.च्या वर्तुळात चार वस्त्या आणि जिल्हा परिषदेची शाळा. बी.बी.च्या वर्तुळात फक्त आमची विहीर आणि चुलत्यांचा गोठा. चुलत्यांशी बोलणं आहे, म्हणून गोठ्याच्या दिशेनं बार नाही हेही ठरलं.

दुसरं कारण खुद्द कायद्यात सापडलं, आणि ते वाचून मला हसू आलं. 1959 च्या शस्त्र कायद्याचं तेरावं कलम पीकरक्षणासाठी सुरुवातच ठासणीच्या बंदुकीपासून करतं. ठासणीच्या बंदुकीनं भागत नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देता येते, आणि तिची नळी वीस इंचांपेक्षा आखूड नसावी. म्हणजे कायदा लिहिणाऱ्यांनी माझ्या मक्याचा विचार आधीच करून ठेवला होता. रायफल मागायची तर वेगळं, सबळ कारण द्यावं लागतं. ते कारण माझ्याकडे नव्हतं, एक चित्र होतं फक्त.

तर अर्जात लिहिलं: बाराबोर, दुनळी, ब्रीच लोडिंग, म्हणजे मागून काडतूस भरायची. कचेरीच्या भाषेत डीबीबीएल.

अर्जाची वाट लांब आहे, पण सांगण्यासारखं त्यात थोडंच. सोलापूर शहरातला माणूस पोलीस आयुक्तांकडे अर्ज करतो, ग्रामीण भागातला जिल्हाधिकाऱ्यांकडे. सातबारा, पीकनुकसानीचे पंचनामे, डॉक्टरांचं शरीर-मनाच्या तब्येतीचं प्रमाणपत्र, शस्त्र हाताळणीचं प्रशिक्षण, बंदूक कुठे कशी ठेवणार त्याचं लेखी. पोलीस ठाण्यातून हवालदार चौकशीला आले. त्यांनी विचारलं, "बांधावरून कुणाशी भांडण?" मी म्हटलं, नाही. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला चुलत्यांचं 2009 सालचं प्रकरण सांगावंच लागलं. शिवाय आमचं गाव अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत, त्यामुळे नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या संमतीशिवाय मिळत नाही. तो कागद फिरून यायला वेळ लागला, आणि लागायलाच हवा असं मला वाटतं. माळावर बंदुका वाढल्या तर आधी काळवीट जाईल.

वनखात्याच्या साहेबांनी एक प्रश्न विचारला, तो माझ्या डोक्यातून गेला नाही. "समजा डुक्कर समोर आलं. काय करणार?" मी म्हटलं, बार. ते म्हणाले, "डुक्करही कायद्याच्या यादीत आहे. पिकाचं नुकसान करणारं असलं तरी मारायला आमची परवानगी लागते, ती वेगळी. ती नसेल तर तुम्ही फक्त आवाज करू शकता." म्हणजे शंभरातल्या नव्वद वेळा माझ्या बंदुकीचं काम आवाज करण्याचं. आवाज करायला नेमाची नव्हे, बेभरवशाच्या अंधारात बिनचूक उघडता-मिटता येणारी बंदूक लागते. उरलेलं काम म्हणजे पिसाळलेलं किंवा अंगावर आलेलं जनावर, आणि एकट्या वस्तीवर रात्री कुत्री वेगळ्या आवाजात भुंकली तर मनाला आधार. दोन्ही दहा-पंधरा पावलांवरची कामं.

2024 च्या जानेवारीत परवाना हातात आला. आता नव्या कायद्यानं तो पाच वर्षांचा असतो, आधी तीनचा असे. एकावेळी किती काडतुसं आणि वर्षाला किती, तेही त्यावर लिहिलेलं. मग पुन्हा त्याच दुकानात गेलो.

दुकानदारांच्या मुलानं आधी पंप ॲक्शन काढली. काळी, चकचकीत, नळीखालच्या नळकांड्यात चार-पाच काडतुसं. तो म्हणाला, "आता हीच चालते." चालत असेल. मी तिला तीन वेळा खांद्याला लावलं आणि तिन्ही वेळा एकच विचार आला, आत काडतूस आहे की नाही हे मला अंधारात कसं कळणार? उघडून, बोट घालून बघावं लागतं. दुनळी मोडली की दोन्ही घरं डोळ्यासमोर. मोडलेली बंदूक हातावर घेऊन माळ्याची शिडी चढता येते आणि खालून बघणाऱ्यालाही कळतं की ती आत्ता निव्वळ लोखंड आहे. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. तिलाही ते लांबून कळतं.

एकनळी स्वस्त होती, हलकीही. आवाजापुरती तीही पुरली असती. पण पहिला बार आवाजाला काढला आणि जनावर उलट फिरून आलं, तर दुसरा लगेच हवा. म्हणून दुनळीच.

त्यात मग बारीकसारीक निवड. घोडे बाहेर दिसणारे की आत लपलेले? दुकानदार म्हणाले, बाहेरचे घोडे आता जुनाट मानतात. मी तेच मागितले. घोडा चढवलेला आहे की नाही हे अंगठ्यानं चाचपता येतं, आणि माळ्यावर तीन तास बसायचं तर घोडे उतरवून, बंदूक भरलेली ठेवता येते असं मला वाटलं होतं. इथे म्हातारबांनी मला झापलं. "भरलेल्या बंदुकीचा घोडा अंगठ्यानं उतरवताना गार हात सटकला की बार. बसायचं तर मोडून बसा, काडतुसं खिशात." तर घोडे बाहेरचेच घेतले, पण बसतो मोडून.

चाप दोन हवे होते, एक नको. दोन चापांचा फायदा म्हणजे कुठली नळी आधी ते तुम्ही ठरवता. उजवीत बारीक छर्ऱ्याचं काडतूस, आवाजासाठी, मातीच्या ढिगाकडे. डावीत बी.बी. अंगावर आलेल्या डुकराला बी.बी. कमी पडतो, एल.जी. किंवा त्याच्या खालोखालचा टपोरा एस.जी.च हवा, हे जाणकार सांगतील आणि ते बरोबर आहे. पण माझ्या वहीतल्या वर्तुळात शाळा आहे. एल.जी.ची चार काडतुसं कपाटात वेगळी ठेवली आहेत, मारायची परवानगी मिळेल त्या दिवसासाठी. काडतुसं सगळी खडकीच्या कारखान्याची, 'शक्तिमान'.

चोक: उजवी नळी सरळ, डावी अर्ध्या चोकची. नळ्या अठ्ठावीस इंची. बत्तीस इंची घेऊन माळ्यावर वळायला गेलो तर बांबूला आपटते, हे आजोबांच्या बंदुकीनं आधीच शिकवलं होतं. घर 70 मिलिमीटरचं, शिक्का मी स्वतः भिंगातून वाचला. वजन सव्वातीन किलो. हलकी घेतली असती तर उचलायला बरी, पण बाराबोरचा धक्का हलक्या बंदुकीत खांद्याला जास्त बसतो. दस्ता मला किंचित आखूड होता, मागे रबराची गादी लावून अर्धा इंच वाढवला. ही मात्र सगळ्यात कामाची गोष्ट निघाली. डोळे मिटून खांद्याला लावायची, डोळे उघडायचे, आणि माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेमाचा ठिपका, नळ्यांच्या पट्टीच्या बरोबर मध्ये दिसायला हवी. आधी दिसत नव्हती, गादीनंतर दिसली.

बंदूक जुनीच घेतली, देशी बनावटीची, एका निवृत्त माणसानं दुकानात ठेवलेली. नवीनपेक्षा निम्म्याहून कमी किंमत.

आण्णांची विलायती त्याच दिवशी तिथे विकली. कायद्यानं एका माणसाला दोन शस्त्रं ठेवता येतात, आधी तीन ठेवता यायची. तेव्हा ती मला घेता आली असती. पण अडीच इंची काडतुसं शोधत फिरायचं, आणि ज्या कामाची ती आहे ते काम कधीच करायचं नाही. आण्णाच म्हणाले, "देऊन टाक." सही करताना त्यांनी रक्कम विचारली नाही. बाहेर येऊन सात रस्त्यावर चहा घेतला, तेव्हा म्हणाले, "बाबांनी पहिलं चक्रवाक मारलं तेव्हा मी पाण्यात उतरून आणलं होतं. थंडीत. आईनं दोघांनाही बोलणी घातली."

फेब्रुवारीत बंदूक घरी आली. 16 मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली आणि शस्त्र जमा करण्याची नोटीस आली. नव्या बंदुकीनं आमच्या घरात महिनाही काढला नव्हता. जमा करायच्या खोलीत भिंतीला टेकवलेल्या दहा-बारा बंदुका, प्रत्येकीला दोऱ्यानं चिठ्ठी. त्यात एक ठासणीची होती, तांब्याच्या तारेनं दस्ता बांधलेली. कलम तेरा! मला तिचा मालक शोधून काढावासा वाटला. निकाल 4 जूनला लागला, बंदूक त्या महिन्याच्या अखेरीला परत मिळाली. दस्त्यावर एक ओरखडा जास्त होता.

मका त्या वर्षी चांगला आला. सप्टेंबरात दुधात भरला, गवत तारेला टेकलं, झटका मशीन सुस्त झालं. मी माळ्यावर, बंदूक मांडीवर मोडलेली, डोक्याला बॅटरी. बंदूक परवानाधारकाशिवाय कुणाच्या हातात द्यायची तर त्याचं नाव परवान्यावर चढवावं लागतं, तेव्हा गड्याला बसवून आपण झोपायचं हा बेत नाहीच. चौथ्या रात्री दोनच्या सुमारास मक्यात मोडण्याचा आवाज सुरू झाला. तो एकदा ऐकला की विसरत नाही, कुणीतरी घाईनं ऊस खात असल्यासारखा. बॅटरी लावली. पंधरा-सोळा पावलांवर चार डोळे, मागे आणखी दोन. मी उजव्या नळीत काडतूस घातलं, मिटली, विहिरीच्या ढिगाकडे धरली, घोडा चढवला आणि चाप ओढला.

कार्बाइडच्या तोफेचा आवाज आणि हा आवाज, यांत काय फरक आहे ते डुकरांना कळतं. मका भर्रकन हलला आणि शांत झाला. लांब माळावर काळवीट दोनदा ओरडलं. खाली वस्तीवर आण्णांच्या खोलीत दिवा लागला आणि दोन मिनिटांनी विझला.

त्यानंतर आठ रात्री ती आली नाहीत. नवव्या दिवशी सकाळी शेजारचे शेतकरी बांधावर उभे. त्यांचा मका रात्रीतून आडवा झाला होता, आमच्या बाजूचाच तुकडा. थोडा वेळ पाऊसपाण्याच्या गोष्टी झाल्या. मग ते म्हणाले, "अर्ज कलेक्टर कचेरीत मिळतो का हो, का सगळं ऑनलाइनच असतं आता?"